मे महिन्याचं विमान तिकीट: या चुका टाळा

दर एप्रिलला ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "बागडोगराचं तिकीट आत्ता काढू, की थांबू? दर खाली येईल ना?" बागडोगरा म्हणजे सिक्कीम-दार्जिलिंगला जाताना उतरायचा विमानतळ. मे महिन्यात तिथला दर सहसा नाही खाली येत.

दर पडायची वाट बघणं

विमानातल्या सगळ्या सीट एका दराने विकत नाहीत. स्वस्त टप्पा संपला की पुढचा महाग टप्पा लागतो. एरवी विमान रिकामं जाईल या भीतीने कंपनी दर उतरवते. शाळांना सुट्ट्या लागल्या की ती भीती उरत नाही.

माझ्या मावसभावाने गंगटोकचं हॉटेल जानेवारीतच घेतलं, पैसेही भरले. तिकिटाला मात्र "सेल लागेल" म्हणून थांबला. फेब्रुवारीत दर थोडा वाढलेला दिसला, तर हट्टाने आणखी थांबला. एप्रिलमध्ये मुंबईहून थेट जाणारं विमान परवडेना, म्हणून कोलकात्यामार्गे तिकीट काढलं. सत्तरीच्या मावशीने अख्खी रात्र विमानतळावरच्या खुर्चीत काढली आणि हॉटेलचा पहिला दिवस फुकट गेला. हे टाळता आलं असतं, म्हणून अजून राग येतो.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सवयीने लोक विमानाकडेही मार्चमध्येच वळतात. विमानाची विक्री त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. मी शाळेच्या परीक्षेचं वेळापत्रक कळलं की तारखा पक्क्या करते, जानेवारी संपायच्या आत तिकीट घेते आणि नंतर दर बघतच नाही. आधी तिकीट, मग हॉटेल.

आठ जणांचं एकदम शोधणं

स्वस्त टप्प्यात तीनच सीट उरल्या असतील आणि तुम्ही आठ मागितल्या, तर बहुतेक वेळा आठही जणांना वरचा दर लागतो. आधी एकाचा दर बघा, मग दोघांचा, मग चौघांचा. दर जिथे उडी मारतो तिथे बुकिंग तोडा. मात्र पीएनआर वेगळे झाले की कंपनीने वेळ बदलल्यावर माणसंही वेगवेगळ्या विमानांत जाऊ शकतात. म्हणून लहान मुलं आणि म्हातारी माणसं ज्यात आहेत, त्या प्रत्येक बुकिंगमध्ये एक धडधाकट मोठा माणूस हवाच. एवढं बघायला दहा मिनिटं लागतात, पण तेवढाही धीर कोणाला नसतो.

बाकीच्या

संध्याकाळी उतरणारं स्वस्त विमान घेऊ नका. बागडोगराहून गंगटोक चार-पाच तास लांब, आणि तिस्तेकाठचा तो घाटरस्ता अंधारात नको.

मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त मिळतं, यावर झोप घालवू नका.

जोडविमानाची दोन वेगळी तिकिटं काढलीत, तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कोणी घेत नाही.

नाव आधारकार्डावर आहे तसंच लिहा.

आणि 'नॉन-रिफंडेबल' तिकीट रद्द करावं लागलं, तरी विमानतळाचं शुल्क आणि सरकारी कर परत मिळायला हवेत, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. एजंट स्वतःहून सांगेलच असं नाही, तुम्ही मागा.