मुलांच्या ग्रुपचा अल्बम आणि व्हिडिओ करताय? रेकॉर्डिंगच्या आधी ॲक्शन बसवा

लहान मुलांच्या गाण्यांचा अल्बम आणि त्यावरचा व्हिडिओ दोन्ही करायचं ठरलं की बहुतेक जण आधी गाणी रेकॉर्ड करून मोकळे होतात आणि ॲक्शन नंतर बसवतात. मीपण पहिल्यांदा तसंच केलं, आणि शूटिंगला कळलं की सशाच्या उड्यांचं कडवं एवढं फास्ट झालंय की पोरांना एका उडीनंतर दुसरी मारायलाच वेळ मिळत नाहीये. तेव्हापासून मी आधी सगळ्यांना उभं करून ॲक्शनसकट गाऊन घेते, मुलं ज्या वेगात धाप न लागता म्हणतात तोच टेम्पो पक्का करते आणि मगच ट्रॅक बनवायला देते. गोल फिरायचं असेल तर तिथे म्युझिक पीस (नुसत्या वाद्यांचा तुकडा) ठेवा, फिरता फिरता शब्द नीट येत नाहीत.

पट्टी मोठ्यांच्या गळ्याने ठरवू नका प्लीज. शाळकरी मुलांना साधारण कीबोर्डवरच्या मिडल सी (मधोमधचा सा, म्हणजे सी स्वर) पासून त्याच्या वरच्या सप्तकातल्या डी पर्यंत आरामात गाता येतं, त्याच्या खाली आवाज पुटपुटल्यासारखा येतो आणि वर गेलं की मुलं ओरडायला लागतात.

रेकॉर्डिंगला मुलांना माइकसमोर अर्धगोलात उभं करा, चपला-बूट आणि वाजणाऱ्या बांगड्या काढून ठेवा, हेडफोन एकच कान झाकेल असा लावा म्हणजे स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि सूर सुटत नाही. रेकॉर्डिंगची लेव्हल मीटरवर मायनस 12 डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास ठेवा कारण कोणीतरी अचानक जोरात गातंच. आठ मुलं असतील तर तेच गाणं तीनदा रेकॉर्ड करून एकावर एक ठेवा, चोवीस जणांचा कोरस वाटतो. पाऊण तासाने सुट्टी द्याच. आणि ऑटोट्यून (सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) घासून घासून आवाज गुळगुळीत करू नका हो, थोडा इकडे तिकडे गेलेला सूर आणि मधेच आलेलं हसू हेच तर ऐकायचं असतं.

शूटिंगला फायनल ट्रॅक स्पीकरवर मोठ्याने लावा, सुरुवातीला चार टिकटिक ठेवा म्हणजे सगळे एकदम सुरू करतात. मुलांना नुसते ओठ हलवायला सांगू नका, खरंच गायला सांगा, गळा आणि डोळे दोन्ही खरे दिसतात. कॅमेऱ्याचा आवाजपण चालू राहू दे, एडिटिंगला त्याच्यावरूनच ट्रॅक जुळवता येतो. मोबाइलवर शूट करत असाल तर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं टिपली जातात तो वेग) कमीजास्त होतो आणि गाणं संपेपर्यंत ओठ मागे पडू शकतात, म्हणून एडिटच्या आधी फाइल एकसारख्या फ्रेम रेटला कन्व्हर्ट करून घ्या. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. आधी दोनदा अख्खं गाणं लांबून घ्या, जवळचे शॉट नंतर, तोपर्यंत मुलं कॅमेरा विसरलेली असतात.

अजून एक, बघणारं पोरगं समोरच्याची आरशासारखी नक्कल करतं, त्यामुळे गाण्यात "उजवा हात वर" असेल तेव्हा व्हिडिओतल्या मुलांनी डावा वर करायचा. हे प्रॅक्टिसच्या पहिल्या दिवसापासून शिकवा, ऐनवेळी सांगितलं तर सगळे गोंधळतात.

पालकांची लेखी परवानगी शूटिंगच्या आधी घ्या, स्क्रीनवर फक्त पहिलं नाव टाका, शाळेचा बॅज दिसू देऊ नका. यूट्यूबवर टाकताना "मेड फॉर किड्स" निवडायचं, त्याने कमेंट बंद होतात, ते बरंच आहे. आणि मुलांचा आवाज नसलेला, नुसत्या म्युझिकचा ट्रॅकपण अल्बममध्ये द्या, घरी मुलं त्याच्यावरच गातात.