बिनपगारी लोकांच्या सिस्टीममध्ये मोठा बदल कसा आणायचा

डेबियनसारख्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स सिस्टीममध्ये काही मोठं उलटंपालटं करायचं डोक्यात असेल तर आधी हे ध्यानात घ्या की तिथं कोणी कोणाचा नोकर नाही. पॅकेज म्हणजे एकेका प्रोग्रामचा गठ्ठा, तो सांभाळणारी माणसं आपापली नोकरी करून रात्री बसतात, त्यांना नुसतं "हे करून टाका" म्हणलं की ते विचारणारच, काहून? भावकीच्या सामाईक विहिरीवरची मोटर बदलण्यासारखं आहे हे, पैसा तुमचा असला तरी विचारावं सगळ्यांनाच लागतं.

म्हणून कोडच्या आधी प्रस्ताव लिहा. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये तर वेळेत जमलं नाही तर मागं कसं फिरायचं याचा वेगळा रकानाच असतो, मी कुणाचाबी प्रस्ताव आला की आधी तेच बघतो.

मग सगळी पॅकेजं तुमच्या बदलासहित परत बिल्ड करून, म्हणजे कोडपासून नव्यानं बनवून बघा, काय काय फुटतंय ते कळेल. त्याची यादी सगळ्यांपुढं ठेवा आणि मगच बग म्हणजे बिघाडाची तक्रार टाका, एका रात्रीत शेकडो टाकले तर लोक चिडतात आणि बरोबरच आहे त्यांचं. प्रत्येक बगसोबत पॅच म्हणजे दुरुस्तीचा कोड जोडा, बदल तुम्हाला पाहिजे तर घाम पण तुमचाच जाऊ द्या.

ज्याच्यावर बदल उभा राहणार ते खालचं टूल तयार आहे का हे तर लई आधी बघा. बिन आणि लिब हे सिस्टीमचे फोल्डर यूएसआर फोल्डरच्या आत घ्यायचं डेबियननं नव्या इन्स्टॉलसाठी 2019 ला बस्टर आवृत्तीत सुरू केलं, सगळ्यांना सक्तीचं झालं 2023 ला बुकवर्म आवृत्तीत, पण पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजी टूलला या जोडणीचा पत्ताच नव्हता, एखादी फाईल जागा पण बदलतीय आणि पॅकेज पण, असं झालं की ती गायब व्हायची भीती, म्हणून मधे 2021 ला डेबियनच्या टेक्निकल कमिटीनं (तांत्रिक वादांचा निकाल देणारी समिती) फाईली तशा हलवायलाच तात्पुरती बंदी घातली.

2038 साली 32 बिटवरची तारीख चुकणार, ते दुरुस्त करायचं काम त्यामानानं नीट झालं. 32 बिटवर 1970 पासून मोजलेल्या सेकंदांचा आकडा 19 जानेवारी 2038 ला भरतो म्हणून 2024 मध्ये तो 64 बिट केला, तेव्हा लायब्ररींच्या (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) नावामागं टी64 लावलं म्हणजे जुनं-नवं एकमेकात मिसळायला नको. तरी अनस्टेबल, म्हणजे डेबियनची काम चालू असलेली शाखा, काही आठवडे विस्कटलेलंच होतं म्हणा. आय386 ला, म्हणजे जुन्या 32 बिट पीसीच्या डेबियनला, मात्र मुद्दाम हात लावला नाही, ते आता जुने प्रोग्राम चालवण्यापुरतंच ठेवलंय. कुठं बदल करणार नाही हे पण प्रस्तावात लिहायचं असतं.

टेस्टिंगमध्ये आपल्या परभणी-हिंगोलीच्या माणसाचा खरा उपयोग आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये अपग्रेड अर्ध्यावर आलं की सरळ पॉवर बंद करा, परत चालू करून अडकलेली पॅकेजं कॉन्फिगर होतात का, मशीन बूट तरी होतं का बघा, कारण ज्याच्याकडं लाईट जात नाही त्याला हे सुचतच नाही. डाउनलोड किती एमबीचं होतंय तेबी नोंदवा, कितीतरी जण मोबाईलच्या नेटवर अपडेट करतात.

हे सगळं फ्रीझच्या, म्हणजे नवी आवृत्ती निघायच्या आधी बदल थांबवतात त्याच्या, बरंच आधी उरका. आणि पॅकेजच्या न्यूज फाईलमध्ये काय बदललं, वापरणाऱ्यानं काय करायचं, परत जुन्यावर कसं यायचं एवढंच लिहा, बाकीचा इतिहास प्रस्तावात राहू द्या.