नवा क्लच बसवला, आता केबल आवळताना या चुका टाळा

नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवं रिलीज बेअरिंग, आणि तरी रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज. किंवा उलट: गिअर लोण्यासारखे पडतात, पण चढावर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी जागची हलत नाही. पार्ट खराब निघाला म्हणण्याआधी केबलचा नट बघा. इथे विषय मारुती 800, ओम्नी, जुनी अल्टो अशा केबल क्लचच्या गाड्यांचा आहे.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे जुनी केबल होती त्याच आट्यांवर नट ठेवून गाडी देऊन टाकणं. लायनिंग (क्लच प्लेटवरचा घर्षणाचा थर) झिजत जातं तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि डायफ्रामची (प्रेशर प्लेटमधल्या चपट्या स्प्रिंगची) बोटं रिलीज बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात. त्यामुळे प्ले, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधीचा पेडलचा रिकामा प्रवास, कमी होत जातो आणि तो राखायला नट अधूनमधून सैल केलेला असतो. नवी, जाड प्लेट बसली की बोटं पुन्हा आत जातात. नट तिथेच राहिला तर पेडलचा अर्धा प्रवास रिकामा जातो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरवडतात.

मग घाबरून नट एकदम आवळला जातो. ही चूक जास्त महागात पडते. प्ले शून्य झाला की बेअरिंग बोटांवर सतत टेकून फिरत राहतं आणि प्रेशर प्लेटची पकड सैल पडते. नवी प्लेट काही दिवसांत जळू शकते. पेडल वर आणि कडक लागलं म्हणजे सेटिंग चांगलं, हा समज सोडून द्या.

मोजायचं असं. इंजिन बंद करा, पेडलखालची मॅट काढा, पेडल दहाएक वेळा पूर्ण दाबून केबल बसू द्या. मग पायाने नाही, हाताने हलकं दाबा. जड लागेपर्यंत पेडल किती जातं ते पट्टीने मोजा. या गाड्यांत ते साधारण 15 ते 25 मिमी हवं. गिअरबॉक्सवरच्या आर्मच्या (केबल ओढते त्या दांड्याच्या) टोकाला 2 ते 4 मिमी. तुमच्या मॉडेलचं पुस्तक असेल तर त्यातला आकडा धरा. आर्मजवळचा नट आवळला की प्ले कमी होतो, सैल केला की वाढतो. एकेक फेरा द्या, दर वेळी पेडल मारून पुन्हा मोजा.

मग चाचणी. इंजिन गरम, आयडलवर. क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. आवाज आला तर प्लेट अजून फिरते आहे. नंतर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबा; आवाज वाढला पण वेग नाही, तर क्लच घसरतोय.

प्ले बरोबर असूनही क्लच सुटत नसेल तर नटाशी खेळत बसू नका. प्लेट उलटी बसली आहे का? हबचा (प्लेटच्या मधल्या भागाचा) उंच भाग बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे असतो. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टना अडतो आणि कुठल्याही सेटिंगने ते सुधारत नाही. रिलीज शाफ्टवरचा आर्म काढताना खूण केली नसेल आणि तो एक दात पुढेमागे बसला असेल, तरी केबलचे आटे पुरत नाहीत. केबलच्या तारा तुटायला लागल्या असतील किंवा तिला घडी पडली असेल तर ती बदलाच. नव्या क्लचवर जुनी केबल ठेवून वाचवलेले पैसे खोटे असतात.

क्लच सोडताना गाडी थरथरत असेल तर बहुधा स्प्लाइनला (गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या, प्लेट बसते त्या दात्यांना) लावलेलं जास्तीचं ग्रीस लायनिंगवर उडालेलं असतं. ग्रीस पुसट थरापुरतंच हवं.

ज्या गाड्यांत हायड्रॉलिक क्लच आहे, तिथे बहुतेक वेळा सेटिंगचा नट नसतोच. पेडल मऊ लागलं तर आधी लाइनमधली हवा काढा.

पहिले 500 किमी झाले की प्ले पुन्हा मोजा. लायनिंग बसताना तो थोडा कमी होतो, तेव्हा नट सैल करावा लागू शकतो.