निदान झालं नाही म्हणून लेकराचा अर्ज अडवू नका : अपंगत्वाच्या प्रमाणपत्रातल्या या चुका टाळा

मूल साडेतीन वर्षांचं. मान उशिरा धरली, बसायला उशीर, चालताना अजून बोट लागतं, बोलण्यात दोन-चार शब्द. फाईल मात्र जाडजूड. जळगावचे डॉक्टर झाले, धुळ्याचे झाले, नाशिकला एमआरआय झाला, आणि प्रत्येक कागदाच्या शेवटी तेच : पुढे बघू. मी खान्देशात विशेष शिक्षिका म्हणून लहान मुलांसोबत काम करते. अशी फाईल घेऊन आलेल्या आईबापांना मी आधी विचारते, प्रमाणपत्राचा अर्ज केला का? उत्तर ठरलेलं असतं. "नाही मॅडम, अजून आजारच कळला नाही ना."

आजाराचं नाव कळेपर्यंत थांबणं

सिव्हिल हॉस्पिटलात अपंगत्वाचं प्रमाणपत्र देणारं डॉक्टरांचं बोर्ड आजाराचं नाव शोधायला बसलेलं नसतं. मूल वयाच्या मानाने किती मागे आहे, रोजच्या कामात त्याला काय जमत नाही, हे मोजून टक्केवारी काढणं हे त्याचं काम. हे कशामुळे झालं याचं उत्तर गुणसूत्रांच्या तपासणीत पुढेमागे मिळेल, कधी मिळणारही नाही. त्यासाठी टक्केवारी अडत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यातल्या बौद्धिक अक्षमतेसाठी केंद्राने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत लहान मुलांची सोय स्पष्ट लिहिलेली आहे. एक वर्ष पूर्ण झालं की प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या कागदावर ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’ असं लिहिलं जातं. म्हणजे विकासाच्या बऱ्याच बाबतीत मूल वयाच्या मागे आहे, एवढंच. पाच वर्षांनंतर पुन्हा तपासून बौद्धिक अक्षमता आहे की नाही ते ठरतं. नाव न कळलेल्या लेकरासाठीच ही व्यवस्था आहे, आणि नाव कळलं नाही म्हणूनच लोक ती वापरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मुंबई-पुण्याच्या तपासण्या करू नका असं मी म्हणत नाही. जरूर करा. पण रिपोर्टची वाट बघत अर्ज घरात ठेवू नका, दोन्ही कामं बरोबरच चालू द्या. आणि "याचा बापही पाचव्या वर्षी बोलला" हे घरातल्या मोठ्यांचं वाक्य ऐकून घ्या, वाद घालू नका, पण एसटी पकडा. लेकराचं तिसरं-चौथं वर्ष पुन्हा येत नाही.

सुरुवात कुठून करायची? थेट बोर्डाकडे धाव घेण्याआधी अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला, आणि त्यात जन्मजात व्यंग, आजार, कमतरता यांच्या बरोबरीने विकासातला उशीरही तपासायचा असतो. पथकाने चिठ्ठी दिली की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मूल फुकट तपासलं जातं, थेरपीही तिथेच सुरू होते. या केंद्राचे कागद फाईलमध्ये असले की बोर्डापुढे काम सोपं जातं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला प्रमाणपत्र मिळत नाही, पण केंद्रात नोंद करायला वयाची अट नाही.

"सगळं करतो" असं सांगणं

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहते, आणि तिचं नुकसान सगळ्यात मोठं.

लहान मुलाची टक्केवारी बहुतेक वेळा व्हाइनलँड चाचणीवरून ठरते. नागपूरच्या मालिन यांनी ती आपल्याकडच्या मुलांसाठी बसवली, तिच्यात ८९ बाबी आहेत. ही चाचणी मुलाच्या हातात पेन्सिल देऊन होत नाही. मानसशास्त्रज्ञ आईला विचारतात आणि आई सांगते. आईचं उत्तर हीच तपासणी. त्यातून मुलाचं सामाजिक वय निघतं, त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणतात, आणि आलेल्या आकड्यावरून टक्केवारी लागते. ५५ ते ६९ ला ५० टक्के, ३६ ते ५४ ला ७५ टक्के, २१ ते ३५ ला ९० टक्के, २० किंवा कमी असेल तर १००. आणि ७० ते ८४ आलं तर फक्त २५.

यावल तालुक्यातल्या केळीच्या पट्ट्यातलं एक कुटुंब. मुलगा चार वर्षांचा, सोबत आई आणि आजी. खोलीत प्रश्न सुरू झाले, आई संकोचाने गप्प, उत्तरं आजी देत होती. हाताने जेवतो का? "जेवस ना! हुशार शे मना पोऱ्या." शी-शू सांगतो का? "सांगस." कपडे घालतो का? "घालस." आजीचं लेकरावरचं प्रेम खरं होतं. परक्या माणसासमोर नातवाला कमी म्हणायचं तिला जड गेलं. हे कुठल्याही घरात होतं.

घरचं चित्र काय होतं? आई भाकरी कुस्करून घास त्याच्या हातात ठेवायची, मुलगा तो मुठीत चेपायचा, त्यातला थोडा तोंडात जायचा, बाकी कपड्यांवर. शी-शू तो सांगत नव्हता, आईच दर दोन तासांनी त्याला मोरीत नेऊन बसवायची. कपडे घालताना हात पुढे करायचा, तेवढंच. पण कागदावर सामाजिक वय तीन वर्षं लागलं. ३६ महिने भागिले ४८, म्हणजे ७५. पंचवीस टक्के. हातात यूडीआयडीचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं, पांढरं कार्ड आलं, आणि ४० टक्क्यांच्या आत असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक योजनेचं दार बंद.

पुढे आईने फेरतपासणीचा अर्ज केला. या वेळी ती वही घेऊन गेली. आठवडाभर सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय झालं ते साध्या शब्दांत लिहिलेलं : आज पाण्याचा ग्लास धरला, अर्धा सांडला. आज बहिणीने बूट घातले. आज रस्त्यावर गेला, बैलगाडी आली तरी हलला नाही. मोबाईलवर जेवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ होता. त्यात कोणी काही बोलत नाही, नुसतं जेवण दिसतं. या वेळी सामाजिक वय दोन वर्षं निघालं. २४ भागिले ४८, पन्नास. पंचाहत्तर टक्के. मूल तेच, सांगणं खरं झालं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला मी वही सुरू करायला लावते. कोणी म्हणतं, "एवढं लिहायला वेळ कुठे आहे, तुम्हीच सांगा काय बोलायचं ते." मी सांगत नाही. पाठ केलेली उत्तरं दुसऱ्या प्रश्नाला फसतात. वहीत एकच गोष्ट पाळायची : ‘करतो’ असं लिहू नका. कोणाच्या मदतीने करतो, किती वेळा सांगावं लागतं, दहातून किती वेळा जमतं, ते लिहा. पाहुणे आले त्या दिवशी एकदा हात जोडून नमस्कार केला म्हणून तो नमस्कार करतो असं होत नाही.

उलटी चूकही होते. चालणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन जा, अजिबात बोलू देऊ नका, असं शिकवणारे लोक सिव्हिलच्या गेटवर भेटतात. त्यांचं ऐकू नका. बोर्डापुढे रोज मुलं येतात, बनाव त्यांना लगेच कळतो, आणि मग तुमच्या खऱ्या शब्दावरही विश्वास राहत नाही. शिवाय खोटेपणाने सवलत घेणं हा दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या लेकराची अडचण खरी आहे, तिला फुगवायची गरजच नाही.

मुलाची भाषा न सांगणं

घरी लेकरू "पानी कठे शे?" ऐकत वाढलेलं असतं आणि खोलीत त्याला प्रमाण मराठीत, अनोळखी आवाजात सूचना मिळतात. ते गोंधळतं. धडगाव, अक्कलकुव्याच्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाचं तर विचारूच नका. बसल्याबसल्या सांगा : "आमच्या घरी अहिराणी चालते, तुम्ही विचारा, मी त्याला आमच्या बोलीत सांगते." यात लाजण्यासारखं काही नाही. आईलाच मराठी नीट येत नसेल तर गावची आशाताई सोबत न्या.

कान न तपासता जाणं

बोलत नाही म्हणजे बुद्धी कमी, असं गृहीत धरू नका. आधी बेरा, म्हणजे कानांची, चाचणी करा. त्यात मूल झोपलेलं असतं, त्याने उत्तर द्यायची गरज नसते. ताट आपटल्यावर वळून बघतो, एवढ्यावरून कान चांगले ठरत नाहीत.

फॉर्म दुसऱ्याच्या हातात सोडून देणं

अर्ज आता यूडीआयडीच्या सरकारी पोर्टलवर होतो. त्याला फी नाही. सेवा केंद्रवाला भरण्याचे थोडे पैसे घेईल, ते ठीक. पण "बोर्डातून टक्के वाढवून आणतो" म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

केंद्रावर फॉर्म भरताना तुम्ही शेजारी बसा. मोबाईल नंबर स्वतःचाच टाकायला लावा. घाईत केंद्रवाला आपला नंबर टाकून मोकळा होतो, मग ओटीपी त्याच्याकडे, तपासणीचा मेसेज त्याच्याकडे, आणि तुम्ही महिनोन्‌महिने वाट बघत गावात. तालुक्याला गेलं की तो म्हणतो, मेसेज तर कधीच येऊन गेला.

दुसरी नड नावाची. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी, आधारवर ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव, अंगणवाडीच्या रजिस्टरात घरचं लाडाचं नाव. आधी जन्मदाखल्यात नाव लावून घ्या, ते वयाच्या १५ वर्षांपर्यंत लावता येतं, मग आधार दुरुस्त करा, मगच अर्ज. तीन आठवडे जातील, जाऊ द्या. उलट क्रमाने गेलात तर कार्डावर चुकीचं नाव छापून येतं आणि मग प्रत्येक ऑफिसात तेच रडगाणं.

कामासाठी सुरतला राहणाऱ्या घरांनी आधारवरचा पत्ता बघून घ्यावा. कार्ड देशभर चालतं, पण राज्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या योजना इथल्या रहिवासावर मिळतात.

फॉर्ममध्ये अपंगत्वाचे एकाहून जास्त प्रकार निवडता येतात. चालण्याचीही अडचण असेल तर तीही टाका. नाहीतर बोर्डावर हाडांचे डॉक्टर बसलेले असतात आणि तुमचं मूल त्यांच्यासमोर जातच नाही.

२०२४ च्या सुधारित नियमांत दवाखान्याला प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. "एका दिवसात होईल ना मॅडम?" असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते. आणि दुसऱ्या बाजूने, अर्ज करून तुम्हीच तपासणीला गेला नाहीत, तर दोन वर्षांनी तो अर्ज बाद होतो आणि नवा करावा लागतो. केळीची कापणी, लग्नसराई, ऊसतोडीला जाणं, सगळं समजते मी. तारीख आली की त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

कार्ड आलं म्हणजे पैसे सुरू झाले असं समजणं

असं होत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज लागतो. संजय गांधी निराधार योजनेचा तहसीलला, त्यात ४० टक्के आणि वर्षाला ५०,००० च्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. अपंगांसाठी रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० आहे. केंद्राची इंदिरा गांधी अपंग पेन्शन मात्र १८ वर्षांनंतर आणि ८० टक्क्यांवर, तिच्यासाठी आत्ता धावपळ नको. निरामय विमा वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीसह, पण ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांना, त्यामुळे प्रमाणपत्रावर काय छापलंय ते आधी वाचा. एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत. रेल्वेची सवलत वेगळ्या कार्डावर, ते आपल्याकडे भुसावळ विभागातून मिळतं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, म्हणून ग्रामसेवकाकडे लेकराचं नाव यादीत आहे का ते विचारा. तोंडी विचारू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

नकार आला की गप्प बसणं

बोर्डाने नाकारलं तर कारण लेखी मागा, ते द्यावंच लागतं. निकाल पटला नाही तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. अपिलाला भावना चालत नाहीत, कागद चालतात. जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, शीघ्र हस्तक्षेप केंद्राचे थेरपीचे कागद आणि ती वही. डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर दवाखान्यात जाऊन आजच नक्कल मागा. बाळ जन्मताच रडलं नाही, काचेत ठेवलं होतं, कावीळ झाली होती, हे तुम्ही तोंडाने सांगणं वेगळं आणि कागदावर दिसणं वेगळं.

मुदत न बघणं

पाच वर्षांच्या आतलं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. जास्तीत जास्त तीन वर्षं, किंवा मूल पाच वर्षांचं होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. त्यानंतर पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. लॅमिनेशन करून कपाटात ठेवलेलं कार्ड कधी संपलं हे घरात कोणालाच माहीत नसतं, आणि ते कळतं पेन्शन थांबल्यावर. मी कार्ड हातात आलं त्याच दिवशी आईच्या मोबाईलमध्ये मुदतीच्या चार महिने आधीची तारीख टाकून देते. त्या तारखेला नवा अर्ज करायचा, आणि तपासणीला जाताना जुनं प्रमाणपत्र, मधल्या काळातले थेरपीचे कागद आणि नव्याने लिहिलेली आठ दिवसांची वही सोबत न्यायची. जुनी वही नको. लेकरू दरम्यान पुढे सरकलेलं असतं, आणि बोर्डाला आजचं मूल दिसायला हवं.