मनगट मोडलं तेव्हा बोट जयगडला वळवली

हिवाळ्यात मुंबईहून गोव्याकडे शिडाची बोट न्यायची म्हटलं की वाऱ्याचं रोजचं गणित ठरलेलं असतं. पहाटे जमिनीकडून मतलई वारा, मग सकाळी उशिरा तो पडतो, आणि दुपारी वायव्येचा खारा वारा धरतो. दक्षिणेला जाणाऱ्याला तो जवळजवळ पाठीमागून लागतो. बोट फारशी कलत नाही, म्हणून नवख्याला सगळं सुखाचं वाटतं. माझं मनगट मोडलं ते याच वाऱ्यात. बोटी नेण्याच्या या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

34 फुटी बोट, आम्ही तिघं. नौदलातून निवृत्त झालेले काका कप्तान, हर्णैचे एक खलाशी दादा आणि मी, माझा दुसराच हंगाम. दाभोळ मागे पडलं होतं. बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, किनाऱ्याच्या बाजूला पूर्ण बाहेर सोडलेली. वारा असा मागून असला की बूम पुढच्या बाजूला एका दोराने बांधून ठेवतात, म्हणजे ती अचानक उलटी फिरत नाही. थोड्या वेळात दिशा बदलायचीच आहे म्हणून आम्ही तो दोर बांधला नव्हता. एक मोठी लाट मागून आली, सुकाणू जरा जास्त फिरलं, वारा शिडाच्या मागच्या अंगाला शिरला आणि बूम सपकन या बाजूची त्या बाजूला गेली. मोठ्या शिडाचा दोर माझ्या डाव्या हातात होता. तो ताणला गेला आणि मनगट विंचवर, म्हणजे दोर ताणायच्या फिरकीवर, आपटलं.

मी म्हणाले, "काही नाही झालं." आणि वीस मिनिटं तशीच काम करत राहिले. माझी खरी चूक ती. तीन माणसांच्या बोटीवर एकाचा हात गेला की कामाची सगळी वाटणी बदलते. ते कप्तानाला कळलंच नाही, तर तो तुमच्या दोन्ही हातांच्या भरवशावर पुढचा निर्णय घेतो. मी एकाच हाताने दोर गुंडाळतेय हे दादांच्या लक्षात आलं. ते जवळ आले आणि म्हणाले, "गो, हात दाखव आधी."

तोवर सूज चढायला लागली होती. दादांनी आधी साबण लावून अंगठी काढली, मग घड्याळ. सूज वाढली की अंगठी कापावी लागते, म्हणून हे पहिलं काम. शिडात घालायची फायबरची एक जादा पट्टी होती, तिच्यावर टॉवेल गुंडाळून हात कोपरापासून तळव्यापर्यंत तिला बांधला आणि ओढणीने गळ्यात अडकवला. हाड सरळ करायला कोणी गेलं नाही, तुम्हीही जाऊ नका. बांधल्यावर दर पंधरा मिनिटांनी काका माझं नख दाबून सोडायचे. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं, किंवा बोटं बधिर वाटली, तर पट्टी सैल करायची. बूम डोक्याला लागली असती तर गोष्ट वेगळी होती. मग उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं यांवर नजर ठेवावी लागते, आणि बोट लागू नये म्हणून घेतात ती मळमळीची गोळी देऊ नये, कारण तिनेही गुंगी येते आणि काही कळेनासं होतं.

आता कुठे जायचं? परत दाभोळला जायचं तर वाऱ्याच्या तोंडावर, लाटा अंगावर घेत, आणि तिथल्या खाडीच्या मुखाशी वाळू. रत्नागिरीला रुग्णालय, पण पोचेपर्यंत रात्र झाली असती, आणि रात्री मच्छीमारांच्या जाळ्यांत इंजिनाचा पंखा अडकला तर दोन धडधाकट माणसं किती पुरणार? जयगड 10 सागरी मैलांवर, पाण्याला खोल, आडोशाचं, दीपगृह असलेलं. सव्वाचार वाजले होते. काकांनी शिडं उतरवली आणि इंजिन लावलं. उजेड असतानाच आम्ही आत शिरलो.

जीव धोक्यात नव्हता, म्हणून 'मेडे' हा संकटाचा संदेश दिला नाही. तशी वेळ असेल तर वीएचएफ या बोटीवरच्या रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनेलवर द्यायचा. तटरक्षक दलाचा फोन 1554. तातडीचं आहे पण जीवावर बेतलेलं नाही, तेव्हा रेडिओवर 'पॅन-पॅन' म्हणायचं. आम्हाला मोबाईलची रेंज मिळाली आणि धक्क्यावर 108 ची रुग्णवाहिका आली.

त्या दोन तासांत मी रडत बसले नाही, याचं श्रेय काकांना. त्यांनी मला लाईफजॅकेट घालून, दोराने बोटीला बांधून बसवलं आणि काम दिलं: पुढे जाळ्यांचे बोये दिसले की ओरडायचं आणि खोलीचे आकडे वाचायचे. दुखणाऱ्या माणसाला एखादं काम लागतंच.

रत्नागिरीत एक्स-रे, सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. त्या आठवड्यांत मी भरती-ओहोटीची कोष्टकं वाचायला शिकले, उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) पाण्यातला फरक नकाशावर मांडून पाहिला. प्लॅस्टर निघाल्यावर हात काटकुळा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम, मऊ चेंडू दाबणं, आणि विंचला तीन महिने हात नाही. कामावर घेणाऱ्याला आधीच विचारा: अपघाताचा विमा आहे का, उपचाराचा खर्च कोण करणार? मी विचारलं नव्हतं. एक्स-रेचे पैसे बाबांनी भरले.