घड्याळाला साधा सेल, गाडीला चार्जिंगचे

मुलाच्या गाडीला चार पेन्सिल सेल लागतात आणि ते दहा-बारा दिवसांत उतरतात. दर वेळी अल्कलाइन (जास्त चालणारे, पण चार्ज न होणारे) आणायचे म्हणजे दीडशे-एकशेसाठ रुपये गेलेच. महिन्याच्या खर्चात हे फार खुपायला लागलं. शेवटी चार चार्जिंगचे सेल आणि चार्जर मिळून साडेनऊशेला घेतले. दोन-अडीच महिन्यांत पैसे वसूल!

मग मी उत्साहाने बीपीच्या मशीनलाही तेच घातले. चूक तिथे झाली. आईच्या दंडाला पट्टा आवळायला लागला की मशीन मध्येच बंद पडायचं, आणि आई घाबरायची, ‘माझंच काही बिघडलंय का गं?’ कारण साधं होतं. साधा सेल १.५ व्होल्टचा, निकेलचा चार्जिंगवाला १.२ चा. चार सेल मिळून ६ ऐवजी ४.८ व्होल्टच, आणि आमच्या मशीनला ते पुरत नव्हते. अल्कलाइन घातले, प्रश्न मिटला.

भिंतीवरच्या घड्याळाला आणि टीव्हीच्या रिमोटला स्वस्तातला साधा सेलच बरा. करंट इतका कमी लागतो की तो महिनोन्‌महिने चालतो. तिथे चार्जिंगचा सेल अडकवून ठेवणं म्हणजे पैसे गुंतवून ठेवणं.

आणखी एक. चार्जिंगच्या चारही सेलवर मी मार्करने ‘१’ लिहिलंय. नंतर घेतलेल्या संचावर ‘२’. जुना-नवा एकत्र घातला की कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, त्याचे प्लस-मायनस उलटे होतात आणि तो कायमचा जाऊ शकतो. माझा एक असाच गेला.