कुत्रं की मांजर? आधी पंधरा दिवस नुसता पट्टा फिरवा

कुत्रं चांगलं की मांजर, हा वाद कट्ट्यावर रात्रभर रंगतो आणि त्यातून काही निघत नाही. दोन्ही चांगलीच असतात. बघायचं ते आपलं घर. कुत्र्याला वेळ लागतो, मांजराला जाळी लागते. यातलं आपल्याकडं काय आहे, ते पिलू घरात यायच्या आधी तपासून घ्या.

कुत्र्याची तपासणी सोपी आहे. गळपट्टा आणि दोरी विकत आणा आणि पंधरा दिवस रोज सकाळी सहाला आणि रात्री जेवणं झाल्यावर अर्धा-अर्धा तास ती दोरी हातात घेऊन बाहेर पडा. गल्लीतले हसतील, हसू दे. हे जुलैत केलंत तर उत्तम. कोल्हापूरचा जुलै दिवसच्या दिवस उघडीप देत नाही आणि पाऊस आहे म्हणून कुत्रं शी-शू धरून बसत नाही. चौथ्या दिवशी ‘आज राहू दे’ झालं, की तुमचं उत्तर मिळालं. घरात पोरं हट्ट करत असतील तर दोरी त्यांच्याच हातात द्या. एरवी महिन्याभरात ती आईच्या हातात जाते, हे ठरलेलं आहे.

दुसरा हिशोब एकटेपणाचा. पिलाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. साधारण तितके तास ते लघवी धरू शकतं. तीन महिन्यांचं पिलू म्हणजे फार तर चार तास. घरातले सगळे नऊला बाहेर पडून सहाला येणार असतील, तर पिलू फरशी ओली करणार आणि चपला फाडणार. दोष पिलाचा नाही. घरी आजी-आजोबा असतील, थोडं अंगण असेल, तर कुत्र्यासारखी सोबत नाही. फ्लॅट असेल तर गावठी पिलू घ्या. ते इथल्या हवेत रुळलेलं असतं. हस्कीच्या अंगावर बर्फातल्या थंडीचे दोन थर असतात, ते घेऊन त्याला एप्रिल-मे काढायचा असतो. कारवानी हे शिकारी जातीचं कुत्रं देखणं आणि काटक, पण ते पळायला जन्मलेलं आहे. त्याला शेत पाहिजे, तिसरा मजला नव्हे.

उन्हाळ्यात फिरवायची वेळ सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर. शंका असेल तर हाताची मागची बाजू डांबरावर ठेवा. पाच सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही पोळणार. पावसाळ्यात फिरून आल्यावर बोटांमधली जागा कोरड्या फडक्यानं पुसा आणि कानामागं, बगलेत, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल लावायचं नाही, चिरडायची तर मुळीच नाही. गोचीडतापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) आजार होतो आणि तो माणसालाही लागतो.

मांजर दिवसभर एकटं राहू शकतं. दोन सख्खी भावंडं आणलीत तर अजून बरं, एकमेकांत दमतात. पण मांजराला दार-खिडकी मोकळी ठेवणं हीच मोठी चूक. पेठांतल्या घरांत ते कौलांवरून चार घरं पुढं जातं, भांडून फाटका कान घेऊन येतं. फ्लॅटमध्ये कबुतराच्या मागं गॅलरीतून पडतं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं. एक इंची चौकटीची वेल्डेड तारेची जाळी लावा, कडा ग्रीलला तारेनं आवळा आणि हातानं जोरात ढकलून बघा. हललेली कड मांजराला तुमच्या आधी सापडते.

शी-शूसाठी महागड्या डब्याची गरज नाही. गवंडीकामाचं प्लॅस्टिकचं मोठं घमेलं चालतं, मांजराच्या लांबीच्या दीडपट. त्यात दोन-तीन इंच ‘कॅट लिटर’, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी विकत मिळणारी भुकटी, किंवा चाळलेली बारीक कोरडी वाळू. मांजरं जितकी, त्याहून एक घमेलं जास्त. दिवसातून दोनदा गोळे काढायचे. घमेलं जेवणाच्या ताटाजवळ किंवा वॉशिंग मशीनशेजारी ठेवलं, की मांजर गादीवर जातं आणि घरचे म्हणतात, मांजर घाण करतंय.

इथं एक गोष्ट नीट बघायला शिका. बोका पुन्हापुन्हा घमेल्यात जातो, बसून जोर करतो, ओरडतो, आणि वाळू कोरडीच राहते. बहुतेक जण समजतात बद्धकोष्ठ आहे आणि एरंडेल पाजतात. प्रत्यक्षात लघवीचा मार्ग बंद झालेला असतो. पोट हाताला टणक लागतं, पुढं उलट्या सुरू होतात. एक-दोन दिवसांत जीव जातो. सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टर गाठायचा. पाणी कमी पिणं हे यामागचं एक कारण, म्हणून कोरड्या दाण्यांबरोबर रोज थोडं ओलं खाणं द्या आणि पाण्याचं भांडं ताटापासून लांब ठेवा.

खाण्यात कोल्हापूरचा मोह एकच, रविवारचं मटण. उरलेला तांबडा-पांढरा रस्सा कुत्र्याला भाकरीत कुस्करून घालणं हे प्रेम नाही. कांदा-लसणानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मांजराला वजनाच्या किलोमागं पाच ग्रॅम कांदाही बाधतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम, लहान कांद्याची एक फोड. लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात, त्यामुळं रश्श्यावर कुणी आळ घेत नाही. शिजलेल्या हाडाच्या सुया होतात आणि आतड्यात रुततात. घरचंच द्यायचं असेल तर फोडणीच्या आधी, मीठही पडायच्या आधी, उकडलेलं मांस बाजूला काढा. कुत्र्याला त्यात भात चालतो. मांजराला मात्र टॉरिन हा मांसातला घटक लागतो, तो भात-पोळीत नसतो. कमी पडला तर डोळे आणि हृदय जातं. गंगावेशीतलं म्हशीचं ताजं दूध माणसांनी प्यावं. मोठ्या मांजराला दुधानं बहुधा जुलाब होतात.

लसींबाबत दोघांत फारसा फरक नाही. पिलू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. पिसाळीची लस तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. मांजराला पिसाळ होत नाही हा गैरसमज सोडा. दोघांपैकी कुणीही चावलं, ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना काही भरू नका. नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या सुमारास. भाटी, म्हणजे मादी मांजर, चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत पिल्लं देते, त्यामुळं ‘बघू पुढं’ म्हणायला वेळच नसतो.

घरातल्या औषधांचा डबा मांजरापासून लांब. पॅरासिटामॉलची पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी त्याला मारू शकते. कुत्र्याच्या गोचिडीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजराला लावलं की झटके येतात.

गणपतीच्या मिरवणुकीत आणि दिवाळीत दोन्ही प्राणी बिथरतात. कुत्रं दोरी तोडून पळतं, म्हणून फोन नंबर कोरलेला बिल्ला गळपट्ट्यात आधीच अडकवा. मांजर दिवाणाखाली शिरतं. ओढून काढू नका. दुधाळी किंवा शाहूपुरीच्या सखल गल्लीत राहत असाल तर पुराचा विचार आधीच करा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं वेळ दिला नव्हता. मांजराची वाहायची पेटी एरवी घरात उघडी ठेवा, त्यातच खायला घाला. ऐनवेळी माळ्यावरून काढलेल्या पेटीत कुठलंच मांजर जात नाही.

दोन्ही पाळायची असतील तर मांजर आधी आणा, कुत्र्याचं पिलू नंतर. मांजराचं ताट आणि घमेलं कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी हलवा. ताट कशाला ते समजतं. घमेलं कशाला, ते पहिल्याच दिवशी कळेल.